विशेष मुलांचे पालक आणि श्रद्धेचा आधार: तुम्हाला नक्की काय मिळालं?

शब्दशून्य

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. ऑटिझम आहे, मोजकेच शब्द बोलतो. आम्ही दोघंही श्रद्धाळू, लग्नाच्या आधीपासून एकाच प्रार्थनामंडळात जायचो. निदान झालं तेव्हा मंडळातल्या लोकांना फार वाईट वाटलं, आजही सगळे प्रेमानेच बोलतात. पण आमचं जाणं थांबत आलंय. त्याला तासभर एका जागी बसवत नाही. मध्येच हात झटकतो, मोठ्याने हुंकारतो, माना वळतात. मग आमच्यापैकी एकजण त्याला घेऊन बाहेर फेऱ्या घालतो. दुसरा आत बसतो, पण लक्ष सगळं बाहेर.

"आम्ही रोज तुमच्यासाठी प्रार्थना करतो" असं सांगणारे खूप आहेत. त्याबद्दल कृतज्ञ आहे, वरवरचं बोलत नाही. पण "आज याला मी फिरवतो, तुम्ही दोघं बसा" असं म्हणणारं अजून कुणी भेटलं नाही.

धर्म कोणताही असो. देऊळ, चर्च, मशीद, गुरुद्वारा, सत्संग, कुठेही. तुम्हाला प्रत्यक्ष मदत मिळाली का? मिळाली असेल तर मागितली कशी? मला मागताच येत नाही, ही खरी अडचण आहे. देव आहे का आणि त्याने असं का केलं, यावर इथे नको. त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि ते कधी संपतही नाहीत.

पारिजातक

शब्दशून्य, यात तुम्ही एकट्या नाही, हे आधी सांगते. अमेरिकेत अँड्र्यू व्हाइटहेड या समाजशास्त्रज्ञाने मुलांच्या मोठ्या राष्ट्रीय पाहण्यांची आकडेवारी तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. ऑटिझम असलेलं मूल प्रार्थनास्थळी कधीच न जाण्याची शक्यता इतर मुलांच्या जवळजवळ दुप्पट निघाली. दमा किंवा मधुमेह असलेल्या मुलांत असा फरक दिसला नाही. मी त्याचा अर्थ असा लावते की आजाराला कुणी अडवत नाही. ज्या अडचणीचा आवाज होतो, ती दाराबाहेर राहते.

माझ्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे, आता ती सत्तावीस वर्षांची आहे. लहानपणी ती मधेच उठून थेट व्यासपीठावर जायची.

मागायचं कसं, तर "काही लागलं तर सांगा" या वाक्याला आपलं उत्तर तयार ठेवायचं. म्हणणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा खरंच असतं, पण आपल्या मुलाच्या जवळ जायची त्यांना भीती वाटते. मी एका बाईंना म्हटलं होतं, "प्रवचन सुरू झालं की थोडा वेळ हिच्या शेजारी बसाल का? चित्रांचं पुस्तक मी देते. ती उठली तर अडवू नका, मला फक्त खूण करा." काम छोटं, वेळ ठरलेली, अडलं तर काय करायचं तेही सांगितलेलं. त्या बाई पुढे आपणहून शेजारी बसायला लागल्या आणि मग त्यांच्या ओळखीने आणखी दोघी आल्या. सगळ्यांसमोर "स्वयंसेवक हवेत" अशी घोषणा केली असती तर कुणी हात वर केला नसता असं माझं मत आहे. सगळ्यांना सांगितलेलं काम कुणाचंच नसतं.

आता मुलगी दाराशी उभी राहून पुस्तिका वाटते. एखाद्या वेळी ती आली नाही तर लोक आधी पुस्तिका कुठेयत ते विचारतात आणि मग तिची तब्येत. मला तो क्रमच आवडतो. एरिक कार्टर नावाचे एक संशोधक आहेत, अपंग व्यक्ती आणि धर्मसमूह हाच त्यांचा विषय. आपलेपणाचे त्यांनी दहा पैलू सांगितलेत. हजर असणं त्यात पहिलं. पण आपली कुणाला तरी गरज असणं हाही एक आहे. बहुतेक ठिकाणी हजेरीवरच गाडी थांबते.

खडूस

मी देव मानत नाही. तरी लिहितोय, हाकलू नका.

मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, व्हीलचेअरवर असतो. त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्री दवाखान्यात कोण थांबणार याचा तक्ता बायकोच्या सत्संगातल्या लोकांनी केला आणि तो पाळला. त्याच काळात माझे विवेकवादी मित्र मला लेखांच्या लिंका पाठवत होते. लेख चांगले होते. पण पहाटे तीन वाजता पोराची कूस बदलायला लेख येत नाही. श्रद्धेशी माझं भांडण आहेच, पण माणसं गोळा करून ठरल्या वेळी उभी करण्याची जी ताकद त्या लोकांत आहे ती आमच्यात नाही. हे कबूल करायला मला त्रास होतो.

त्याच वर्तुळातल्या एका गृहस्थाने मात्र "औषधं सोडा, श्रद्धा पुरेशी आहे" असं सांगितलं. मुलाला फिट्स येतात. फिट्सचं औषध एकदम तोडलं तर लवकर न थांबणारी फिट येऊ शकते आणि त्यात जीव जाऊ शकतो. मी त्यांना दार दाखवलं. सत्संगातल्या जाणत्या मंडळींनी माझी बाजू घेतली, तेही नमूद करतो. प्रार्थना हवी तेवढी करा, गोळीला हात लावू नका.

वाटसरू

धागा वाचून मन भरून आलं. माझं वय झालं आहे, अनुभवाने सांगतो. देव असं मूल कुणालाही देत नाही. ज्यांच्यात पेलायची ताकद असते त्यांच्याच पदरात घालतो. गेल्या जन्मीचं काही देणं असतं, ते या वाटेने फिटतं. असं मानलं की मन शांत होतं. कुणाला दुखवायचा हेतू नाही.

मधलं_पान

काका, हेतू नाही हे मान्य. पण तुमच्या या वाक्यात माझा भाऊ कुठे आहे? तो आईबाबांची परीक्षा आहे की कुणाची तरी थकबाकी? तो माणूस आहे, त्याला क्रिकेटचे स्कोअर पाठ आहेत आणि माझी चिडवाचिडवी करायला आवडतं.

आणि "ताकद असणाऱ्यांनाच देतो" हे आईला इतक्या जणांनी सांगितलं की "मी थकले" असं म्हणायची तिला सोयच उरली नाही. थकली असं म्हटलं तर देवाची निवड चुकली असं होणार ना.

पारिजातक

मधलं_पान, +१००.

हिरवी_शाई

मी विशेष शिक्षिका आहे, बरीच वर्षं. वाटसरूंचं सगळंच मोडीत काढू नये असं मला वाटतं. केनेथ परगामेंट या मानसशास्त्रज्ञाने संकटात लोक धर्माचा आधार कसा घेतात याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यात दोन प्रवाह दिसतात. एकात देव सोबत आहे, आपली माणसं सोबत आहेत अशी भावना असते. दुसऱ्यात ही शिक्षा आहे, देवाने आपल्याला टाकलं असं वाटत राहतं. पहिल्यातली माणसं सहसा लवकर सावरतात, दुसऱ्यातली जास्त खचतात. तेव्हा एखाद्या आईने "माझी निवड झाली" असं स्वतःपुरतं मानलं आणि तिला त्यातून बळ मिळालं तर तिच्याशी वाद घालायला मी जाणार नाही. पण तेच दुसऱ्याने येऊन तिला ऐकवलं की ते शिक्षेच्या खात्यात जमा होतं. गेल्या जन्मीचं देणं तर सरळच.

डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्तीची असते, हे पॅरिसमध्ये मार्थ गोतिए, जेरोम लेजून आणि रेमों त्युर्पें यांनी १९५९ मध्ये दाखवलं. त्याआधी कितीतरी आयांनी स्वतःच्या वागण्यात, खाण्यात, पापात कारण शोधलं असेल. लेजून स्वतः कट्टर कॅथलिक होते आणि शेवटपर्यंत या मुलांच्या बाजूने उभे राहिले. श्रद्धा आणि गुणसूत्रं एका डोक्यात सुखाने नांदू शकतात.

वाटसरू

माझं मत मी बदलणार नाही. मात्र कुणाच्या तोंडावर बोलणार नाही, एवढं मधलं_पान यांना सांगतो.

पहाटवारा

योहानाच्या शुभवर्तमानात हाच प्रश्न येतो. जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. हा उतारा आमच्याकडे वाचला जातो. तरीही "काय केलं होतं गं तुम्ही" असं विचारणारे असतातच.

चांदणी

मला "सूट" या विषयावर लिहायचंय, कारण सगळी गोम तिथे आहे असं मला वाटतं.

इस्लाममध्ये ज्याला समज नाही त्याच्यावर नमाज-रोजा फर्ज नाही. ही दयेची तरतूद आहे. पण व्यवहारात काय होतं? "त्याला माफ आहे ना, मग आणता कशाला?" सूट दिली होती ओझं हलकं करायला, तिचा वापर होतो दार लावायला. कुराणातला ८०वा सूरा, म्हणजे अध्याय, एका अंध माणसावरून सुरू होतो. अब्दुल्ला इब्न उम्म मकतूम काही शिकायला आले असताना प्रेषितांचं लक्ष मोठ्या लोकांशी चाललेल्या बोलण्यात होतं, कपाळाला आठी पडली, आणि त्यावरून थेट प्रेषितांनाच समज देणाऱ्या आयती, म्हणजे कुराणातली वचनं, आल्या. हेच इब्न उम्म मकतूम पुढे अजान देत असत. एवढं उदाहरण समोर असताना आपण कुणाच्या पोराकडे आठ्या घालून बघायचं?

अमेरिकेत २०१४ पासून मुहसेन नावाची संस्था हेच काम करते. मशिदींनी अपंग मुलांना आणि कुटुंबांना कसं सामावून घ्यावं हे शिकवते, सांकेतिक भाषेची सोय करते. सुरुवात करणाऱ्यांत ऑटिझम असलेल्या मुलीची आई आहे. ती आई होती म्हणून ते सुरू झालं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

यहुदी लोकांतही हीच गोष्ट घडली. जुन्या कायद्यात बोलू-ऐकू न शकणाऱ्या माणसाला धार्मिक कर्तव्यांतून मोकळीक होती आणि त्यामुळे तो समूहात पूर्ण गणलाही जात नसे. २०११ मध्ये त्यांच्या कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या कायदेसमितीने ठरवलं की सांकेतिक भाषा बोलणारा माणूस पूर्ण सभासद आहे, कर्तव्यांसकट. मला यातलं "कर्तव्यांसकट" फार आवडलं.

पहाटवारा

चांदणी, नेमकं बोललात. आमच्याकडे "त्याला कळत नाही" हेच कारण देऊन मुलांना पवित्र सहभाग, म्हणजे कम्युनियन, नाकारला जायचा. अमेरिकन बिशपांच्या १९९५ च्या मार्गदर्शिकेने स्पष्ट केलं की केवळ अपंगत्व हे संस्कार नाकारायचं कारण होऊ शकत नाही.

त्याच्याही आधीची एक गोष्ट. फ्रान्समधल्या एका जोडप्याची दोन्ही मुलं गंभीर बौद्धिक अपंग होती. त्यांना लूर्द या तिथल्या कॅथलिक तीर्थक्षेत्राच्या यात्रेत जायचं होतं. उत्तर मिळालं की मुलांना काही कळणार नाही, वर इतर यात्रेकरूंना त्रास होईल. ते कुटुंब शेवटी एकटंच गेलं. त्यांची ही व्यथा ऐकून मारी-एलेन मातियू आणि जाँ व्हानिए यांनी अशा कुटुंबांचीच यात्रा काढायचं ठरवलं. १९७१ च्या ईस्टरला सुमारे १२ हजार लोक लूर्दला जमले. घरी परतल्यावर या लोकांनी आपापल्या गावी भेटत राहायचं ठरवलं आणि "फेथ अँड लाइट" उभं राहिलं, आज जगभर आहे. रचना साधी: मूल, आईवडील आणि मित्र, विशेषतः तरुण मित्र, महिन्यातून एकदा तरी एकत्र. शिकवणं नाही, उपचार नाहीत. गप्पा, खेळ, प्रार्थना.

आता व्हानिएंचं नाव घेतलंय तर पुढचंही सांगायला हवं. १९६४ मध्ये त्यांनी "लार्श" सुरू केलं, अपंग आणि इतर माणसं एका घरात राहतात ती घरं. जग त्यांना जिवंत संत म्हणायचं. २०१९ मध्ये ते वारले. २०२० मध्ये लार्शनेच करवून घेतलेल्या चौकशीत समोर आलं की त्यांनी किमान सहा महिलांचं, आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून, लैंगिक शोषण केलं होतं. २०२३ च्या सविस्तर अहवालात हा आकडा २५ झाला. त्या महिला अपंग नव्हत्या. घरं अजून चालतात आणि चांगली चालतात, ती तिथल्या माणसांमुळे. मी मात्र तेव्हापासून कुणालाही "त्यांच्याकडे बघून डोळे मिटून विश्वास ठेवा" असं सांगत नाही.

हिरवी_शाई

पहाटवारा यांनी हे लिहिलं म्हणून आता कोरडं पण आवश्यक लिहिते. कुठल्याही श्रद्धासमूहाकडे मूल सोपवण्याआधी विचारा: मुलाबरोबर एका वेळी किमान दोन मोठी माणसं असतात का? खोलीच्या दाराला काच आहे किंवा दार उघडं असतं का? कपडे बदलणं, शौचाला नेणं कोण करणार? मदतनिसांची आधी काही चौकशी होते का? न बोलणारं मूल घरी येऊन सांगू शकत नाही, म्हणून हे त्याच्या बाबतीत दुप्पट लागू. यावर "आम्ही काय परके आहोत का?" असं उत्तर आलं तर तिथे ठेवू नका. चांगले लोक या प्रश्नाने दुखावत नाहीत.

दुसरं, "बाधा काढणं". २००३ मध्ये अमेरिकेत मिलवॉकी इथे ऑटिझम असलेला आठ वर्षांचा मुलगा अशाच एका प्रार्थनेत गुदमरून गेला, धर्मोपदेशक त्याच्या छातीवर भार देऊन होता. पुढे त्या माणसाला शिक्षा झाली. मुलाला कुणीही धरून ठेवायची, दाबायची, कोंडायची भाषा केली की उठायचं आणि घरी यायचं. उद्धट दिसलो तरी चालेल.

मधलं_पान

भावंडांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून पुन्हा येते. मंडळात मला सगळे "किती शहाणी मुलगी" म्हणायचे. शहाणी म्हणजे काही न मागणारी. मी कुठल्या खेळात आहे, परीक्षा कशी गेली, हे विचारायच्या आधी "भाऊ कसा आहे" हे यायचं. आमच्या युवक गटातल्या एका दादाने मला दर आठवड्याला फक्त माझ्यासाठी नाटकाच्या तालमीला नेलं. भावाचा विषय त्याने काढला नाही, मी काढला तर ऐकला. मला मिळालेला श्रद्धेचा आधार म्हणाल तर तो. डॉन मायर यांनी १९८२ मध्ये सिअ‍ॅटलला भावंडांसाठीच "सिबशॉप" सुरू केले, मुलं खेळतात आणि खेळता खेळता बोलतात. अशी दुपार कुठलाही सत्संग किंवा चर्च घेऊ शकतं. खर्च जवळजवळ नाही.

खडूस

माझा प्रश्न वेगळा. आमच्यानंतर कोण? शाळा अठरा-एकवीसपर्यंत, थेरपी पैसे असेपर्यंत.

पारिजातक

खडूसदादा, तुमच्याच शब्दांत उत्तर देते, रागावू नका. जिथे बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे एका छताखाली येतात आणि "तुमचं वय संपलं" असं कुणी म्हणत नाही, अशा जागा किती उरल्यात? म्हणूनच मी तिथे जाते, श्रद्धा तर आहेच. माझ्या मुलीला ओळखणारी विशीतली पोरं तिथे आहेत. ती काही तिचे पालक होणार नाहीत, तशी अपेक्षाही नाही. पालकत्वाचे कागद, पैशांची तजवीज, तिला काय आवडतं, औषधं कोणती, रात्री दिवा लागतो का, हे सगळं लिहून ठेवणं आपलंच काम. पण मी गेल्यावर तिच्या दारावर थाप मारून "आज का आली नाहीस" असं विचारणारं कुणी असेल, एवढी सोय मी करून ठेवतेय.

पहाटवारा

यावरून अमृतसरचं पिंगलवाडा आठवलं. १९३४ मध्ये लाहोरच्या गुरुद्वारा डेरा साहिबच्या दाराशी कुणीतरी एक अपंग मूल सोडून गेलं. तिथे सेवा करणाऱ्या पूरण सिंग यांनी ते उचललं, प्यारा नाव ठेवलं आणि पुढे कित्येक वर्षं पाठीवर वागवलं. फाळणीत त्याला घेऊनच ते अमृतसरला आले. तिथे पिंगलवाडा उभं राहिलं, आजही शेकडो लोक तिथे राहतात. गोष्ट मोठी आहेच. पण मी ऐकतो तेव्हा ज्यांनी ते मूल दाराशी ठेवलं त्या आईबापाचा विचार येतो. त्यांच्या शेजारी वेळेवर कुणी असतं तर? संस्था काढणं थोड्यांना जमतं. ती वेळ येऊ न देणं मात्र साध्या मंडळालाही जमण्यासारखं आहे.

खडूस

पारिजातकताई, रागावलो नाही. विचारात पडलोय, ते जास्त वाईट.

शब्दशून्य

सगळे प्रतिसाद वाचले, काही नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले. पारिजातकताईंचं ऐकून एकाच व्यक्तीला विचारलं, मंडळातल्या एका निवृत्त शिक्षकांना. ते लगेच हो म्हणाले. वर म्हणाले, "मला वाटायचं तुम्हाला आवडणार नाही." आणखी एकींना विचारलं तर त्यांनी गुडघ्यांचं कारण सांगितलं. असो. संचालकांनी मागच्या दाराजवळची जागा आमच्यासाठी ठेवायचं आणि त्या बाजूचा स्पीकर बंद ठेवायचं कबूल केलंय.

सरांना द्यायला एक पान लिहिलंय. हिरवी_शाई, नजर टाकाल का?

"याला ऑटिझम आहे. बोलत नाही. हट्टी आहे. मोठा आवाज सहन होत नाही. अनोळखी माणसांनी हात लावलेला आवडत नाही. कधी कधी चावतो. पाणी हवं असेल तर बाटलीकडे ओढत नेतो."

हिरवी_शाई

पाण्याचं वाक्य उत्तम आहे, सगळं पान तसं लिहा. क्रमही बदला, सुरुवात त्याला काय आवडतं याने करा, सरांना त्याच्याशी बोलायला काहीतरी हाताशी हवं. "बोलत नाही" लिहू नका, कारण काही शब्द तो बोलतो. ते कोणते आणि त्यांचा अर्थ काय, ते लिहा. "हट्टी आहे" काढून टाका. त्याऐवजी कशावरून अडून बसतो आणि तेव्हा काय केलं की सुटतो, ते. "चावतो" ठेवा, लपवू नका, पण त्याआधी काय दिसतं ते जोडा: कान झाकतो, कॉलर चघळतो, जे असेल ते. तेवढं दिसलं की सरांनी काही न बोलता त्याला दाराबाहेर न्यायचं. किती वेळ बाहेर राहिला तर तुम्हाला बोलवायचं, तेही लिहा, नाहीतर तुम्ही दोघं आत बसूनही दाराकडेच बघत राहाल. आणि सर पहिल्यांदा त्याला नेतील त्याच्या आधी एकदा तुमच्या घरी येऊन जाऊ देत, म्हणजे ते अनोळखी राहणार नाहीत.